होम थिएटरच्या संरक्षणासाठी आधी काय घ्यावं: स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड, यूपीएस की व्होल्टेज प्रोटेक्टर?

टीव्ही, एव्ही रिसीव्हर (स्पीकर चालवणारा मुख्य डबा), सबवूफर घरी आले की पाठोपाठ स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला मिळतो. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये तो पहिला खर्च असू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची. आजच्या बहुतेक टीव्हींच्या आणि स्ट्रीमिंग बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं. दाब 180 पर्यंत उतरला तरी त्यांचं काही बिघडत नाही, त्यामुळे तिथे स्टॅबिलायझरला फारसं काम उरत नाही. रिसीव्हरचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच रिसीव्हरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे फक्त 230 लिहिलेलं असतं. तुमचं घर शहराच्या कडेला, डीपीपासून (वस्तीला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असेल आणि उन्हाळ्यात शेजारचे एसी सुरू झाले की दिवे मंदावत असतील, तर स्टॅबिलायझर जरूर घ्या. एरवी तो पैसा दुसरीकडे लावा.

कारण उपकरणं एका झटक्यात जळतात ती बहुतेकदा वाढलेल्या दाबाने, आणि त्यातही सर्वांत वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटणं. इमारतीत तीन फेज येतात आणि दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. मीटर रूममधला एखादा जोड सैल झाला, रस्ता खोदताना केबल दुखावली किंवा जुन्या पेठेतली लाइन गंजली की न्यूट्रल सुटतो आणि हे 400 व्होल्ट घराघरांत लोडप्रमाणे वाटले जातात. ज्या घरात त्या वेळी कमी उपकरणं चालू असतील, तिथे 300 च्या वर दाब जातो आणि कुणी मेन बंद करेपर्यंत तसाच राहतो.

इथे स्पाइक गार्ड हतबल असतो. त्याच्यातला एमओव्ही हा भाग क्षणार्धाचा झटका गिळण्यासाठी असतो. मिनिटभर 350 व्होल्ट आले तर तो स्वतःच तापून जळतो. एमसीबीही पडत नाही, कारण ती जास्त करंट ओळखते, जास्त दाब नाही. यावर उपाय म्हणजे मेन बोर्डात बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, समजा 270 च्या वर किंवा 170 च्या खाली, की तो लगेच पुरवठा तोडतो आणि दाब स्थिरावल्यावर थोडं थांबून जोडतो. थिएटरबरोबर फ्रिजही वाचतो. खर्च काही हजारांचा, म्हणून माझ्या यादीत हा पहिला.

वळवाच्या पावसातल्या विजांसाठी मात्र प्रोटेक्टर पुरा पडत नाही. तो झटका त्याच्या वेगापेक्षा जलद असतो. तिथे एमओव्हीचीच गरज. मेन बोर्डात टाइप 2 चा एसपीडी, म्हणजे असे झटके जमिनीत उतरवणारा सर्ज प्रोटेक्टर, बसवा आणि तो सतत 320 व्होल्ट सोसणारा निवडा. टीव्हीमागे स्पाइक गार्ड हवा असेल तर खोक्यावर ज्यूलचा आकडा, म्हणजे तो किती ऊर्जा गिळू शकतो ते, शोधा. तो नसेल तर ती फक्त बटणं असलेली पट्टी असण्याची शक्यता मोठी. एमओव्ही प्रत्येक झटक्यासरशी झिजतो, त्यामुळे संरक्षण दाखवणारा दिवा विझला की पट्टी बदलायची. अर्थिंग नसेल तर यातलं बरंच काही अर्धवटच काम करतं. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत अजून दोन पिनांची वायरिंग सापडते. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

डिशची केबल लोक विसरतात. झटका छतावरून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने थेट रिसीव्हरमध्ये शिरतो. ढग गडगडायला लागले की प्लगसोबत तीही काढावी. फायबर इंटरनेटच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमधून येऊ शकते.

यूपीएस कुणी घ्यावा? ज्याच्याकडे दिव्याचा प्रोजेक्टर आहे त्याने. बंद केल्यावर पंखा दिवा थंड करत असतो. लाइट गेली की ते थांबतं. सोसायटीचा जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंदही यूपीएस सांभाळतो, आणि गुरुवारी देखभालीसाठी लाइट बंद ठेवण्याची पुण्याची जुनी रीत तुम्हाला ठाऊकच आहे. 600 व्हीएच्या साध्या यूपीएसवर साधारण 360 वॅटच चालतात, तेव्हा आधी प्रोजेक्टरचे वॅट पाहा. बॅटरीवर चालताना अशा यूपीएसच्या विजेची लहर बहुधा चौकोनी असते, त्यावर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. म्हणून रिसीव्हर आणि सबवूफर त्यावर लावू नका. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस बहुधा लागणार नाही. मात्र इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर तो पटकन बॅटरीवर जातो. ऑनलाइन यूपीएस, म्हणजे लाइट असतानाही वीज स्वतःच नव्याने बनवून देणारा, सर्वांत शुद्ध वीज देतो, पण महाग असतो आणि त्याचा पंखा सतत आवाज करतो. शांत प्रसंगात तो ऐकू येतो, त्यामुळे तो खोलीबाहेर ठेवता येत असेल तरच घ्या.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा रिसीव्हर असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. पण तो दाब फक्त त्याच प्रमाणात कमी करतो: आत 300 आले तर बाहेर सुमारे 156 येतात. त्यामुळे तिथेही व्होल्टेज प्रोटेक्टर त्याच्या आधी हवा.