३५ रुपयांचा ब्रश: सीताफळाला पास, टॅबेबुयाला नापास (चूक ब्रशची नाही)

मागच्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून हा ४ नंबरचा गोल ब्रश घेतला, मऊ केसांचा, ३५ रुपये. काउंटरवरच्या काकांनी विचारलं वॉटरकलर का पोस्टर, म्हटलं सीताफळाला पाहिजे. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ब्रशकडे, आणि "सुट्टे द्या" एवढंच म्हणाले.

तर गच्चीवर ड्रममध्ये आमचं सीताफळ आहे, दरवर्षी फुलं ढीगभर आणि फळं दोन नाहीतर तीन, तीही एका बाजूने बसकी. आई म्हणायची दृष्ट लागते. खरी भानगड अशी की सीताफळाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात पण त्यांच्या वेळा जुळत नाहीत, आधी मादीचा भाग तयार होतो, तेव्हा तीन जाड हिरवट पाकळ्या नुसत्या किलकिल्या असतात, आणि त्याच फुलाचे पराग सुटेपर्यंत मादीचा भाग सुकून गेलेला असतो. म्हणजे एकाच घरात राहून एक डे शिफ्टला आणि एक नाइट शिफ्टला. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलात न्यायचं काम बारीक तपकिरी किडे करतात, ते सडक्या फळांच्या आसपास असतात, म्हणून झाडाखाली सडकी फळं ठेवा असं लोक सांगतात. बायकोने गच्चीवर सडकी फळं ठेवू दिली नाहीत. मग ब्रश.

सकाळी सातच्या आत वर जायचं, पाकळ्या पूर्ण फाकलेली फुलं एका वाटीत झटकायची, पिवळट पूड पडते, ती ब्रशवर घेऊन किलकिल्या फुलात अलगद गोल फिरवायची. गोल फिरवणं महत्त्वाचं, कारण सीताफळ म्हणजे एका फुलातल्या बऱ्याच छोट्या फळांचा गठ्ठा असतो, ज्या भागाला पराग पोचतो तिथे बी धरते आणि वर एक डोळा फुगतो, जिथे नाही पोचत तिथे फळ बसकं राहतं. आमची फळं वाकडी का, हे इतकी वर्षं आईच्या दृष्टीवर ढकललं होतं!! ऑक्टोबरपर्यंत ११ फळं निघाली, ९ चांगली गोल. झाड एकच, पराग त्याचेच, तरी चाललं, कारण सीताफळाला स्वतःचे पराग चालतात, फक्त फूल वेगळं लागतं.

इथे मी जरा शेफारलो.

सोसायटीत गुलाबी टॅबेबुया आहे, एकटाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नाही नुसतं फूल, सगळे खाली उभे राहून फोटो काढतात, पण शेंग कधी दिसली नाही. त्याची एक फांदी गच्चीच्या कठड्याला लागते. म्हटलं ब्रश आहेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणातल्या जाळीच्या पोटल्या उरल्या होत्या, त्या कळ्यांवर बांधल्या म्हणजे मधमाश्या मधे नकोत, आणि फुलं उमलल्यावर ३० फुलांना त्याच झाडाचे पराग लावले. या फुलात एक मजा बघायला मिळाली, मधल्या दांडीच्या टोकाला दोन चपटे ओठ असतात, ब्रश लागला की मिटतात, अक्षरशः डोळ्यांसमोर. मला वाटलं घेतलं बुवा. आठवडा-दहा दिवसांत तीसच्या तीस फुलं खाली.

मग औंधच्या मित्राच्या सोसायटीतल्या टॅबेबुयाची फुलं डब्यात घालून आणली (लोकांना वाटलं पूजेला), ब्रश धुऊन पूर्ण वाळवला आणि २० फुलांना ते पराग लावले. चार शेंगा धरल्या. हे झाड आपलेच पराग ओळखतं, आणि गंमत म्हणजे दारातच अडवत नाही, आत बीजांडापर्यंत जाऊ देतं आणि मग फूलच टाकून देतं, म्हणून सुरुवातीला सगळं जमल्यासारखं वाटतं. शाळेत स्वपरागण आणि परपरागण दोन दोन मार्कांना पाठ केलं होतं, पण परपरागण म्हणजे दुसरं फूल नाही तर दुसरं झाड, आणि तेही कलम करून वाढवलेलं त्याचंच भावंड नको, हे डोक्यात शिरायला तीस फुलं झाडावी लागली. रस्त्याने ओळीत एकाच मदर प्लांटची कलमं लावली तर हेच होणार, फुलं बक्कळ, बी नाही.

आता ब्रशबद्दल, रिव्ह्यू त्याचा आहे. पराग छान धरतो, नायलॉनचा घेतला होता त्यावरून सगळी पूड घसरायची. पकड बारीक, पाकळ्यांच्या फटीत बरोबर जातो. पण केस गळतात, सीताफळाच्या दोन फुलांत केस अडकलेले सापडले, आणि धुतल्यावर पत्र्याची टोपी ढिली होते, फेविक्विकचा थेंब घालावा लागला. वाळायलाही वेळ लागतो, त्यामुळे दोन झाडं असतील तर दोन ब्रश घ्या, नाहीतर याचे पराग त्याला लागून सगळा हिशोब चुकतो. एक स्टार केसांसाठी कापलाय.

शेंगा तडकून पातळ पंखवाल्या बिया निघाल्या, दुधाच्या पिशव्यांत टाकल्यात, सहा उगवल्यात. परवा दुसरा ब्रश घ्यायला गेलो तर काकांनी न विचारताच मऊ केसांचा काढला आणि म्हणाले, "सीताफळवाले ना तुम्ही? सुट्टे आणलेत का?"