कंबरदुखी आणि विंडसर्फिंग: हार्नेस कमरेचा घ्यावा की बैठकीचा?

चाळिशी ओलांडलेला विंडसर्फर, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरून पाण्यावर धावणारा, हार्नेसची चौकशी करायला लागला, की त्यामागे बहुतेक वेळा कंबर असते. आपल्या किनाऱ्यावर, आपल्या वाऱ्यात, आधीच कुरकुरणाऱ्या कमरेसाठी माझा कौल बैठकीच्या, म्हणजे सीट हार्नेसला आहे. मात्र काही जणांना तोच उलटा त्रास देतो. ते कोण, हे ठरतं तुमची कंबर वाकताना दुखते की मागे झुकताना, यावरून. त्यामुळे रंग, कंपनी आणि किंमत बघण्याआधी घरी एवढं तपासा: उभ्याने पायांच्या बोटांकडे वाकल्यावर कळ येते, की कमरेवर हात ठेवून मागे झुकल्यावर? उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हार्नेस करतो काय, तर शिडाची ओढ हातांवरून काढून अंगाच्या वजनावर टाकतो. बूमला, म्हणजे शीड हातात धरायच्या आडव्या दांड्याला, दोन्ही बाजूंना दोरीचे फास असतात, त्यांत पोटावरचा हुक अडकवायचा आणि मागे रेलायचं. १९७० च्या दशकात हवाईत हार्नेसचा वापर रुळू लागला, तेव्हा हुक छातीवर असे. ओढ बरगड्यांच्या उंचीवर, पाय खाली फळीवर, आणि मधल्या मणक्यांची फरफट. पुढे हुक खाली आला. आज खरी निवड उरते ती दोनांत: नाभीच्या आसपास हुक असलेला कमरेचा पट्टा, म्हणजे वेस्ट हार्नेस; आणि मांड्यांतून पट्टे घेणारा, हुक ओटीपोटावर ठेवणारा सीट हार्नेस. बाकी सगळे या दोघांच्या मधले.

ओढ नेमकी कुठे बसते

वेस्ट हार्नेसमध्ये दोरी पुढे ओढते आणि पट्टा मागून थेट कमरेच्या मणक्यांवर दाबतो. खांदे मागे, पाय फळीवर रोवलेले, आणि मधला भाग पुढे ढकललेला. म्हणजे कमरेची नैसर्गिक खोलगट वळी आणखी खोल होते. तासभर असं रेलून राहिलं की मणक्यांमागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मागे झुकल्यावर ज्यांची कंबर बोलते, त्यांना हे सहन होत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर सरळ उभं राहणंच नको वाटतं, पुढे वाकलं की बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर संशय पट्ट्यावर घ्यावा.

सीट हार्नेसमध्ये ओढ माकडहाडावर आणि नितंबांवर जाते. ओटीपोटाच्या हाडांचा जाड सांगाडा तो भार झेलतो, कमरेचे मणके त्याच्या वर मोकळे राहतात. पट्टा वर सरकून बरगड्यांत रुतण्याचा प्रश्न नाही, कारण मांड्यांचे पट्टे त्याला खाली धरून ठेवतात. पोट थोडं सुटलेलं असेल (आणि चाळिशीत कुणाचं नसतं?) तर वेस्ट हार्नेस हमखास वर चढतो, सीट जागच्या जागी राहतो.

पण सीटची किंमतही मोजावी लागते. हुक खाली असल्यामुळे त्याच्या वरचं धड मागे कलंडू बघतं. ते पोटाच्या स्नायूंनी धरायचं असतं. ज्यांचे पोटाचे स्नायू ढिले आहेत ते हळूहळू बसकण मारतात, पाठीला बाक येतो आणि कंबर वाकलेल्या अवस्थेत लटकते. वाकताना ज्यांना कळ येते, विशेषतः मणक्यांमधल्या चकतीचा त्रास होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी ही अवस्था वाईट. अशांना कमरेला भक्कम आधार देणारा वेस्ट हार्नेस अधिक मानवू शकतो, कारण तो पाठ सरळ ठेवायला भाग पाडतो. आधी केलेल्या तपासणीचा उपयोग हा. अर्थात सीट घेऊनही पाठ सरळ ठेवायला शिकता येतं. नितंब बाहेर टाकायचे नाहीत, ओटीपोट बूमच्या दिशेला पुढे द्यायचं आणि खांदे मागे. हे जमलं तर सीटचा मोठा दोष निम्मा होतो.

कळ पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरता येत असेल, तर हार्नेस नंतर, आधी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा जातोय असं वाटलं तर त्याच दिवशी.

वारा आणि शिडाचा आकार

परदेशी मासिकांत लाटांवर उड्या मारणारे सगळे वेस्ट हार्नेस घातलेले दिसतात, आणि ते पाहून आपल्याकडचे तेच मागवतात. लाटांवर स्वार होणाऱ्याला कंबर सगळीकडे वळवायची असते, सेकंदाला हुक लावायचा-काढायचा असतो, आणि जोरदार वाऱ्यात त्याचं शीड चार-पाच चौरस मीटरचं असतं. गोव्यात किंवा मुंबईच्या बंदरात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर जो वायव्येचा खारा वारा सुटतो, तो बहुतेक दिवस १० ते १५ नॉटचा (ताशी साधारण १८ ते २८ किलोमीटर). ७५ किलोच्या माणसाला त्यात सुसाट जायचं तर साडेसात-आठ चौरस मीटरचं शीड लागतं. पावसाळ्यात वारा जोरदार असतो, पण तेव्हा समुद्रात जायची सोयच नाही.

मोठं शीड म्हणजे सतत, सलग ओढ. एकाच बाजूने लांबच लांब धाव. हे सीट हार्नेसचं घर. शर्यतीतले लोक इतकी वर्षं सीटला चिकटून आहेत ते उगाच नाही. ऑलिंपिकमध्ये २००८ ते २०२० विंडसर्फिंगचा आरएस:एक्स प्रकार होता, पुरुषांसाठी ९.५ चौरस मीटरचं शीड. २०२४ च्या पॅरिसमध्ये फॉइलवर, म्हणजे फळीखाली पाण्यात असणाऱ्या पंखावर, उडणारा आयक्यूफॉइल आला, पुरुषांना ९ आणि महिलांना ८ चौरस मीटर. एवढी शिडं नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर दिवसभर पेलणं अवघड असतं. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने भारतासाठी कांस्यपदक मिळवलं तेही आरएस:एक्समध्येच. या प्रकारात शीड हाताने पंख्यागत हलवून वेग काढायला, म्हणजे पंपिंगला, मुभा होती. पंपिंगमध्ये बहुतेक काम पाठ आणि हात करतात. त्यामुळे कमी वाऱ्यात पंपिंगचा सोस असेल तर कुठलाही हार्नेस कमरेला वाचवणार नाही, हेही स्पष्ट असू द्या.

फॉइलवर हौसेने जाणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. फळी पाण्याच्या वर उचलली गेली की अंग जास्त ताठ राहतं, लहान शीड पुरतं, ओढ हलकी असते. तिथे वेस्ट हार्नेस चालून जातो.

मधले दोघे

पहिला, उंच हुकाचा मऊ सीट. मांड्यांचे पट्टे आहेत, पण हुक नाभीच्या थोडा खाली, साध्या सीटपेक्षा वर. नवशिक्यांना आणि ज्यांना दोन्ही दिशांना थोडी-थोडी कळ येते त्यांना मी हाच सुचवीन. हुक सापडतो पटकन, सुटतोही पटकन. साध्या सीटचा हुक खाली असल्यामुळे जोराच्या झोतात सुटता येत नाही आणि माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. कमरेला त्या झटक्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

दुसरा, कडक पाठीचा वेस्ट. आत कार्बनचं किंवा कडक प्लास्टिकचं कवच असतं, त्यामुळे दाब एका रेषेत न बसता सगळ्या पाठीवर पसरतो आणि पट्टा मध्ये दुमडत नाही. वाकताना दुखणाऱ्यांसाठी उत्तम. पण कवचाचा आकार तुमच्या पाठीशी जुळला नाही तर खालची कड ओटीपोटाच्या हाडावर आणि वरची बरगड्यांवर टोचते, आणि कडक असल्यामुळे ते वापरून मऊ होत नाही. शिवाय मऊ पट्ट्यापेक्षा बराच महाग. घालून न पाहता मुळीच घेऊ नये असा हा प्रकार.

दोरी आणि बूम

नवा हार्नेस घेऊनही कंबर तशीच राहते, तेव्हा दोष बहुधा इथे असतो, आणि याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. हार्नेसच्या दोऱ्या इंचांत मोजतात, साधारण २४ ते ३४. आखूड दोरीने तुम्ही बूमच्या खाली खेचले जाता, गुडघे आणि कंबर दुमडून बसता, पाठ वाकते. वेस्टवरून सीटवर गेलात आणि दोरी तीच ठेवली तर हे नक्की होणार, कारण हुक खाली गेला, म्हणजे बूमपासून लांब गेला. दोन-तीन इंच लांब दोरी लावा. कमी-जास्त करता येणाऱ्या दोऱ्या मिळतात. निवड पक्की होईपर्यंत त्याच वापराव्यात. फार लांब दोरीही नको, नाहीतर हुक अडकवायला प्रत्येक वेळी अंग वर झोकावं लागतं.

बूम खांद्यापासून हनुवटीच्या दरम्यान. कंबर दुखणारे लोक बूम खाली ठेवतात, सोपं वाटतं म्हणून; त्याने वाक वाढतो.

कंबर एकाच बाजूला दुखते का? तेही ठरावीक बाजूला जाताना? तर बूमवर दोऱ्या पुढे-मागे सरकलेल्या आहेत. दोऱ्या फार पुढे असल्या की मागचा हात सतत ओढत राहतो आणि धड पिळलं जातं. किनाऱ्यावर शीड उभं धरून हुक लावा, हात सोडून बघा; शीड कुणीकडेही न वळता तोलून राहिलं पाहिजे. दोन्ही बाजू अलग अलग तपासायच्या. एका बाजूचीच दोरी सरकलेली असते, बहुतेक वेळा.

आणि पाण्यातून शीड वर खेचणं. सारखं पडणाऱ्या नवशिक्याची कंबर इथे जाते, हार्नेस लावून रेलण्यात नव्हे. विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं पाठीने ओढू नका. गुडघे वाकवून, हात सरळ ठेवून, अंगाच्या वजनाने मागे जा, शीडावरचं पाणी निथळू द्या, मग ते वर येतं. शीड वर ओढायच्या दोरीला फास असलेला प्रकारही मिळतो, तो हार्नेसच्या हुकात अडकवून पायांनी उभं राहायचं. दुखऱ्या कमरेला याने नव्या हार्नेसपेक्षा जास्त आराम पडू शकतो, आणि खर्च किरकोळ.

घेण्याआधी

माप पँटचं देऊ नका. नाभीवरून टेप फिरवा, तो घेर कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. हुकाची आडवी पट्टी पोटापेक्षा अरुंद हवी. दोन्ही बाजूंचे पट्टे आवळल्यावर पट्टीची टोकं हार्नेसच्या कापडाला टेकली तर माप मोठं आहे. ओला झाल्यावर हार्नेस ढिला होतो, म्हणून कोरडा असताना घट्टच बसला पाहिजे, आणि पाण्यात शिरल्यावर एकदा पुन्हा आवळायचा. सीटचे मांडीचे पट्टे उभ्याने नव्हे, थोडं बसून आवळा.

भारतात ही वस्तू घालून बघायला मिळेल अशी दुकानं मोजकी. युरोपातून मागवलं तर सीमाशुल्क धरून किंमत चढते आणि परत पाठवणं परवडत नाही. त्यापेक्षा क्लबातल्या कुणाचा वेस्ट आणि कुणाचा सीट एका रविवारी मागून घ्या. पाण्यात जायचीही गरज नाही. आंब्याच्या मजबूत फांदीला किंवा गच्चीतल्या लोखंडी आडव्या पाइपला खांद्याच्या उंचीवर दोरीचा फास बांधा, हुक लावा, पाय रोवा आणि दहा मिनिटं मागे रेला. तीन-चार मिनिटांपर्यंत दोन्ही छान वाटतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला कळ कमरेच्या खळग्यात आली तर वेस्ट तुमच्यासाठी नाही. पाठ गोल व्हायला लागली आणि सरळ करताना त्रास झाला तर सीट नको, किंवा उंच हुकाचा बघा. मांडीच्या आतल्या बाजूला पट्टा काचतोय एवढीच तक्रार असेल तर ती आत मांडी झाकणारी पँट घातली की सुटते. सीटच घ्या.