सासूबाईंचं बायबल आणि नवी पेठेतले बाइंडिंगवाले मामा

जुनं बायबल किंवा पानं सुटलेलं उपासना संगीत (आमचं चर्चमधल्या गीतांचं पुस्तक) दुरुस्त करायचं असेल, तर सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या मामांकडे द्या. दुकानाला पाटी नाही. झेरॉक्सवाल्याशेजारचं शटर.

सासूबाईंच्या बायबलचा कणा निखळला होता, योहानाच्या शुभवर्तमानाचे फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, लोंबत होते. आधी एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, "बाई, नवं घ्या, स्वस्तात पडेल." नवं मिळतंच हो, पण समासातलं पेन्सिलीचं लिखाण कुठून आणू? योहान 11 मध्ये आपला मित्र लाजर आजारी आहे हे कळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहतो. त्या ओळीपाशी सासूबाईंनी लिहिलंय, 'गिरणी बंद. किती दिवस?' खाली उत्तर नाही. थोरल्या दिरांना नोकरी लागल्याची नोंद थेट योहान 21 ला, किनाऱ्यावरच्या मासळीच्या न्याहारीशेजारी.

आमच्या महिला मंडळात कुणाचं दुखणं निघालं की 'देवाची योजना' म्हणून मोकळं व्हायची घाई असते. मला नाही पटत. हेतू असतो, पण ज्याच्या हातून तो पुरा होतो त्याला बहुधा पत्ताच नसतो. मार्क 14 मधला मडकंवाला बघा. शिष्य त्याच्या मागोमाग जातात आणि वल्हांडण सणाच्या जेवणाची माडी सापडते. तो आपला पाणी नेत होता. कुरेनेकर शिमोन तर शेतावरून येत होता, शिपायांनी धरून येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला.

मामा घरी तेलुगू, आपल्याशी सोलापुरी मराठी. सगळे फर्मे उसवून त्यांनी सरसाचे जुने पापुद्रे खरवडले आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं हातशिवण घातली. खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पाठीला कापड, वर काळं रेक्झिन. सेलोटेपला हात लावला नाही. फाटक्या पानांना तलम कागदाच्या पट्ट्या. कुठेच न बसलेले कपटे पाकिटात घालून परत दिले. "अक्षर हाय त्यावर, टाकू कसं?"

पाच हजारांची जेवणं उरकल्यावर प्रभू उरलेले तुकडे वेचायला लावतो, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरतात. मी मामांना हे सांगितलं. "बरोबर हाय की," म्हणाले आणि साडेचारशे मागितले. महाग नाही.

तारीख मात्र पाळत नाहीत. सोनेरी 'पवित्र शास्त्र' मधला 'स्त्र' जरा खाली घसरलाय. दिवाळीआधी चोपड्यांची कामं असतात, तेव्हा जाऊच नका.

आणि बाइंडिंगनंतर कडा मशीनवर कापून सारख्या करायची पद्धत आहे. समासात कुणाचं हस्ताक्षर असेल तर पहिल्याच पानावर 'कटिंग नको' अशी ठळक चिठ्ठी लावा. मामांच्या लक्षात राहतं, पण मशीनवर त्यांचा भाचा असतो.