शंभर मण्यांची माळ: पहिली-दुसरीच्या वर्गातला अनुभव

जूनपासून ही माळ वर्गात रोज वापरात आहे. संख्या डोळ्यांसमोर उभी करायला इतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं साधन नाही, हे माझं ठाम मत. फक्त ती नीट ओवलेली हवी.

दोन ठळक रंगांचे, एकाच मापाचे मणी घ्या. कोल्हापुरात महाद्वार रोडवर सहज मिळतील. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे 100. 10 मिमीचे मणी मीटरभर होतात, पण दोरी दीड मीटर घ्या. गाठी सोडून वीतभर जागा मोकळी राहिली नाही तर मणी सरकत नाहीत आणि चिमटा बसत नाही. दोरी नायलॉनचीच, सुती दोरी आपल्याकडच्या पावसात ओल धरते, मणी अडकतात. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. माळ मुलांच्या छातीइतक्या उंचीवर बांधा.

संख्या दाखवायला कपड्यांचा चिमटा मण्यावर नाही, दोन मण्यांच्या मध्ये लावायचा. मण्यावर लावला की तो मणी धरायचा की सोडायचा, या घोळात उत्तर एकाने चुकतं.

खरी कमाई बेरजेत आहे. 38 + 25 करताना चिमटा 38 वर, दोन मणी पुढे गेलं की रंग बदलतो, म्हणजे 40. उरले 23: दोन पट्टे आणि तीन मणी, 63. मूल प्रत्येक वेळी पहिल्या मण्यापासून मोजत असेल तर थांबवा. आधी दहा-दहाच्या उड्या पक्क्या करून घ्या.

संख्यानामांचा गोंधळही इथे सुटतो. ‘एकोणपन्नास’ ऐकून मुलं 59 लिहितात. माळेवर 49 पन्नासाच्या एक मणी अलीकडे दिसतो. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आल्यावर बराच वाद झाला. माळेवर एकवीस म्हणा की वीस एक, चिमटा तिथेच लागतो.

हातच्याच्या वजाबाकीला मात्र माळ अपुरी पडते. 42 − 17 मध्ये दशक सुटा करावा लागतो, आणि ओवलेले दहा मणी सुटे होत नाहीत. तिथे काड्यांचे गठ्ठेच हवेत, तेही मुलांनी स्वतः मोजून बांधलेले. रबर उन्हाळ्यात वाळून तुटतात, जास्तीचे ठेवा.

दुसरीच्या अखेरीस माळ उतरवून फळ्यावर नुसती रेघ ओढा. त्यावर 38 कुठे येईल हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पुन्हा माळेवर न्या, पण फक्त दहाच्या उड्यांसाठी.