अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' डिजिटल व्हर्नियर: आमची फसवणूक कशी झाली ते वाचा आणि सावध राहा

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात ज्यांचं छोटं मशीन शॉप आहे त्यांनी हे नीट वाचा, कारण आम्हाला ज्याने गंडवलं तो माणूस अजूनही गाळ्यागाळ्यावर फिरतोय आणि त्याची बोलायची पद्धत अशी आहे की भलेभले फसतील.

आमच्याकडे दोन सीएनसी आणि तीन साधे लेथ आहेत, काम बहुतेक पिना, बुश, स्पेसर असलं. जुने व्हर्नियर (जाडी, व्यास मोजायचं सरकत्या जबड्यांचं साधन) झिजले होते म्हणून नवीन घ्यायचे होते आणि तेव्हा नेहमीचीच चर्चा चालू होती, स्वस्त घ्यायचा की महाग. मिटुटोयो या नावाजलेल्या जपानी ब्रँडचा 150 एमएमचा डिजिटल साताठ हजारांच्या आसपास जातो, बिननावाचा डिजिटल हजाराच्या आतबाहेर मिळतो. ऑपरेटरच्या हातात साताठ हजारांची वस्तू द्यायची म्हणजे जीव वर-खाली होतो, पडला की गेला. हा प्रश्न प्रत्येक शॉपवाल्याला पडतो आणि हे विकणाऱ्यालाही तो पक्का माहीत असतो.

तो आला तोच हातात बॅग घेऊन. म्हणाला रांजणगावला एका कंपनीची लाइन बंद झाली, त्यांच्या स्टोअरचा न वापरलेला माल आहे, मिटुटोयो ओरिजिनल, 3200 ला एक. बॉक्स सीलबंद, आत माहितीपत्रक, आणि प्रत्येकाबरोबर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) शिक्का असलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याचं, सर्टिफिकेट. वर म्हणतो कसा, "शेठ, माझ्यावर विश्वास ठेवू नका, समोर चेक करून घ्या." स्वतःच्या खिशातून 10 एमएमची स्लिप (अचूक मापाचा ठोकळा) काढली, जॉमध्ये, म्हणजे व्हर्नियरच्या जबड्यांत धरली, 10.00. परत धरली, परत 10.00. आम्ही तीन घेतले, पैसे यूपीआयने दिले, जीएसटीचं बिल संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो म्हणाला, ते काही आलं नाही.

आता त्या चेकिंगमधली मेख सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. स्लिप त्याने प्रत्येक वेळी जॉच्या मुळाशी धरली होती, म्हणजे बीमला (व्हर्नियरच्या लांब पट्टीला) अगदी चिकटून. टोकाला एकदाही धरली नाही. आणि धरली ती 10 एमएमची, मोठी नाही.

नंतर एका पार्टीचा 40 व्यासाच्या पिनांचा लॉट होता, टॉलरन्स वजा 0.10, अधिक शून्य, म्हणजे माप 39.90 ते 40.00 मध्येच बसायला हवं. हे काही मायक्रोमीटरचं काम नाही, चांगल्या व्हर्नियरने आरामात होतं, कारण खऱ्या मिटुटोयोची अचूकता 150 एमएमच्या मॉडेलला अधिक-उणे 0.02 एवढी असते. आमचा ऑपरेटर अनुभवी आहे, तो साइज थोडी वरच्या अंगाला ठेवतो, 39.97 वगैरे, म्हणजे काही झालं तरी जॉब भंगारात जात नाही. पिना झिंक प्लेटिंग होऊन पार्टीकडे गेल्या आणि तिथून फोन, गो रिंग (पिन मोठी नाही ना हे तपासायची रिंग) चढत नाही, सगळा लॉट होल्डवर.

पार्टीच्या क्वालिटीच्या साहेबांनी आमचाच व्हर्नियर मागून घेतला. जॉ बंद केले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. मुळाशी जॉ टेकलेले, टोकाकडे मात्र उजेडाची बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. मग 50 ची स्लिप घेतली. मुळाशी 50.00, टोकाला 49.94. तीच स्लिप, तोच हात. आणि राउंड जॉब फिरवून मोजताना ऑपरेटर बरेचदा टोकाच्या बाजूनेच धरतो, त्यामुळे डिस्प्ले 39.97 म्हणत होता तेव्हा पिन प्रत्यक्षात 40.03 होती. वर झिंकचा थर, तो दोन्ही बाजू मिळून व्यासाला अजून वाढवतो.

पिना मोठ्या निघाल्या एवढंच त्यातल्या त्यात बरं, लहान असत्या तर सरळ भंगार. पण मोठ्या असल्या तरी अ‍ॅसिडमध्ये प्लेटिंग काढा, सेंटरलेस ग्राइंडरवर परत घासा, परत प्लेटिंग करा, जायचं-यायचं टेम्पो भाडं, पार्टीची लाइन थांबली त्याची डेबिट नोट. तीन व्हर्नियरमध्ये जे बारा-तेरा हजार वाचले होते त्याच्या चौपट गेले. पैशापेक्षाही वाईट म्हणजे त्या पार्टीकडे आता आमचा प्रत्येक लॉट शंभर टक्के चेक होतो, आधी सॅम्पलवर जायचा.

मग आम्ही ते तिन्ही पीस खऱ्याच्या शेजारी ठेवून बघितले. खऱ्याची स्लाइड एकसारखी जाते, याची मध्येच घट्ट मध्येच ढिली, आणि अंगठ्याने जरा दाबलं की जॉ तिरका होऊन रीडिंग बदलतं. खऱ्यात एसआर44 सेल असतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो, यात एलआर44 होता आणि बंद करून ठेवला तरी काही आठवड्यांत संपायचा, कारण असल्या स्वस्त सर्किटमध्ये डिस्प्ले बंद केला तरी आत करंट ओढणं चालूच राहतं. सिरियल नंबर तेलकट चिंधीने पुसता पुसता पुसट झाला. जॉचं टोक कानशीने हळूच घासून बघितलं तर कानस चावली, हार्डन केलेल्या स्टीलवर ती सटकायला पाहिजे.

सर्टिफिकेटचं तर विचारूच नका. तिन्ही व्हर्नियरची रीडिंगं शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी, असं सहसा होत नाही. आणि लॅबचा नंबर टीसीने सुरू होत होता. एनएबीएलमध्ये टीसी म्हणजे टेस्टिंगची लॅब, कॅलिब्रेशनच्या लॅबचा नंबर सीसीने सुरू होतो. एनएबीएलच्या साइटवर नंबर टाकला की लॅबचं नाव आणि ती काय काय मोजू शकते हे सगळं दिसतं, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. फसवणाऱ्यांना माहीत असतं की शिक्का बघितला की लोक फाइलला लावून टाकतात.

माझं आता स्पष्ट मत झालंय. हजार रुपयांचा बिननावाचा डिजिटल वाईट नाही, तो स्वतःच्या नावाने विकला जातोय, रॉ मटेरियल तपासायला, रफ टर्निंगला, फॅब्रिकेशनला खुशाल वापरा, त्याच्याकडून कोणी दोन शतकाची (0.02 एमएमची) अपेक्षाच ठेवत नाही. महागडा खरा असेल तर त्याचे पैसे वसूल होतातच. आणि बजेट मधलं असेल तर चांगल्या ब्रँडचा साधा, बिनबॅटरीचा, 0.02 लीस्ट काउंटचा (म्हणजे 0.02 एमएमपर्यंत वाचता येणारा) व्हर्नियर तीनेक हजारांत येतो, कूलंट उडालं तरी त्याला काही होत नाही, वाचायला डोळे बारीक करावे लागतात एवढंच. जीवघेणा आहे तो महागाच्या बॉक्समधला स्वस्त माल, कारण त्याच्यावर आपण महागाएवढा भरवसा टाकतो आणि त्या भरवशावर साइज सोडतो.

तक्रारीचं सांगतो, कारण बरेच जण जाऊ दे म्हणून सोडून देतात. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा 1999 खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. आम्ही यूपीआयचा पुरावा, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, तिन्ही पीसचे फोटो आणि ते सर्टिफिकेट जोडून पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण बोललो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः शॉप चालवणाऱ्याला त्यात सूट आहे, तेव्हा लगेच हार मानू नका. अजून पैसे परत आलेले नाहीत.

त्याचा आधीचा नंबर आता बंद आहे. ओळखीच्या एका शॉपवाल्यांकडे मागच्या आठवड्यात असाच माणूस येऊन गेला, या वेळी गोष्ट सणसवाडीच्या कंपनीची आणि बॅगेत डायल गेज पण होते. तुमच्याकडे आला तर त्याच्या स्लिपला हात लावू नका, तुमची स्वतःची 50 ची घ्या, टोकाला धरा, मुळाशी धरा, आणि जीएसटी बिल हातात पडेपर्यंत मोबाइल खिशातून काढू नका. आमच्यासारखेच तुम्हीही फसला असाल तर अर्ज जरूर द्या, दोन-चार अर्ज एकत्र आले तर पोलीसही लक्ष घालतील.