सीआरएफ + मॅक्सरेट + बफसाइज : बरेच महिने वापरल्यानंतर

एक्स२६४ (व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा एन्कोडर) मध्ये सीआरएफला (क्वालिटी ठरवणारा आकडा, जेवढा मोठा तेवढी क्वालिटी कमी) मॅक्सरेट (बिटरेटची कमाल मर्यादा) आणि बफसाइजची (त्या मर्यादेसाठीच्या बफरचा आकार) जोड देऊन सगळे व्हिडिओ कन्व्हर्ट करतोय त्याला आता बरेच महिने झाले, आणि ठामपणे सांगतो, स्ट्रीम करून बघणार असाल तर नुसता सीआरएफ पुरत नाही.

नुसता सीआरएफ क्वालिटी सांभाळतो, बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो याचं, त्याला काही पडलेलं नसतं. सीआरएफ २० ला फाइलची सरासरी ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) दिसते, आपण खूश, पण समुद्राच्या लाटा किंवा धो धो पाऊस असा सीन आला की तेवढ्या दोन-चार सेकंदांत २०-२५ एमबीपीएस लागतात आणि वायफायवरच्या टीव्हीवर तिथेच गोल फिरायला लागतं. सरासरी बघून काही कळत नाही, अडतं ते पीकला.

माझी १०८०पी ची सेटिंग आता सीआरएफ २०, मॅक्सरेट ६०००के, बफसाइज १२०००के, प्रीसेट स्लो (सावकाश, पण जास्त चांगलं कॉम्प्रेशन). साधे सीन सीआरएफला हवे तेवढेच बिट घेतात, उसळी मारायला लागले की मॅक्सरेट आवरतो. फक्त मॅक्सरेट दिला आणि बफसाइज नाही दिला तर एक्स२६४ एक वॉर्निंग छापून मॅक्सरेट चक्क सोडून देतो, आणि ती ओळ बाकीच्या लॉगमध्ये सहज निसटते, त्यामुळे लॉग वाचत जा. आणि आकड्यापुढचा के (म्हणजे किलोबिट) राहिला तर एफएफएमपेग (ज्यातून एक्स२६४ चालवतो तो प्रोग्राम) ते साधे बिट धरतं, हेही बघा.

खरी गोम बफसाइजमध्ये आहे. मॅक्सरेट ६ एमबीपीएस टाकला म्हणजे प्रत्येक सेकंद ६ च्या आत, असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये. व्हीबीव्ही (एन्कोडर हिशोबात धरतो तो बफर) म्हणजे डीकोडरकडची, म्हणजे व्हिडिओ चालवणाऱ्या बाजूची, १२ मेगाबिटची टाकी समजा, नळ ६ च्या वेगाने चालू आणि प्रत्येक फ्रेम तिला लागेल तेवढं उपसून घेते. टाकी भरलेली असेल तर एका सेकंदात १२ अधिक ६, म्हणजे १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतात, पण सलग दहा सेकंद धरले तर ७२, म्हणजे सरासरी ७.२ च. बफसाइज मॅक्सरेटएवढाच ठेवूनही पाहिला, सीन बदलला की पहिल्या काही फ्रेम चौकोनी चौकोनी दिसायच्या, अंधाऱ्या सीनमध्ये तर जास्तच, दुप्पट केल्यावर ते गेलं. चौपट केला की चित्र अजून सुधारतं, पण पीक परत डोकं वर काढतं, त्यामुळे मी दुप्पटवरच थांबलोय. ब्लू-रेसाठी मॅक्सरेट ४००००के आणि बफसाइज ३००००के वापरतात, म्हणजे बफर सेकंदभराचाही नाही, पण तिथे बिटरेटच एवढा असतो की निभावतं.

जुना हार्डवेअर प्लेयर असेल तर लेव्हलही (प्लेयरला किती झेपतं त्याची ठरलेली पातळी) बघून घ्या, हाय प्रोफाइलला (एक्स२६४ चा नेहमीचा फीचर-संच) लेव्हल ४.० ची मर्यादा २५ एमबीपीएस आणि ४.१ ची ६२.५.

तक्रार म्हणाल तर एकच, फाइल केवढी होणार ते आधी कळत नाही. ठरावीक साइजमध्येच बसवायचं असेल तर टू-पास (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून मग दुसऱ्या फेरीत एन्कोड) करा, त्याला अजूनही तोड नाही. आणि ग्रेनवाल्या (फिल्मसारखे बारीक ठिपके असलेल्या) जुन्या फुटेजला ही सेटिंग जशीच्या तशी लावू नका, तिथे सरासरीच ६००० ला चिकटून बसते आणि सीआरएफचा आकडा नावापुरता उरतो. असं दिसलं की मी सीआरएफ २२-२३ करतो, किंवा नेटवर्कला झेपत असेल तर मॅक्सरेट ८०००के आणि बफसाइज १६०००के.