प्रवासवर्णन घ्यायचंय? ‘अपूर्वाई’ की ‘हिमालयांत’

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलात आणि एकच प्रवासवर्णन घरी न्यायचं असेल, तर माझ्यापुढे दोन नावं येतात.

पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ 1960 चं. इंग्लंड-फ्रान्स पाहिलेला माणूस, पण नजर पार्ल्याची. इमारतींपेक्षा माणसं जास्त भेटतात, म्हणून फोंड्याच्या बसमध्ये उभ्यानेसुद्धा वाचता येतं. मध्येच पान मिटलं तरी सूर तुटत नाही.

रवींद्र केळेकरांचं ‘हिमालयांत’ तसं नाही. ते कोकणीत आहे, देवनागरीत. साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला. केळेकर आपल्या प्रियोळचे, काकासाहेब कालेलकरांच्या सहवासात घडलेले. त्यांच्यासाठी चालणं आणि विचार करणं वेगळं नाही. मराठी वाचकाला पहिली दहा पानं जरा सावकाश घ्यावी लागतात. मी ती मोठ्याने वाचली. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला लगेच कळायचा, कारण तो बाजारात रोज ऐकलेला असायचा. मग वेग आपोआप आला. पावसाळ्यात, कौलांवर सर लागलेली असताना हे पुस्तक वाचावं. घाईच्या दिवसांत नको.

आजारी माणसाला किंवा वाचनाची सवय सुटलेल्याला मी ‘अपूर्वाई’च देईन. पण गोव्यात राहून मराठी वाचणाऱ्याने ‘हिमालयांत’ टाळावं, हे मला पटत नाही. लिपी तीच आहे, भाषा शेजारच्या घरची आहे. मी तेच आधी उचलेन.